संप, खंडणी आणि ना. म. जोशी

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. १९५६ पर्यंत त्यांची राजधानी नागपूर. सौंसरच्या नावाने भूगर्भशास्त्रात जे खडक ओळखले जातात, त्यांत मँगनीज आहे. खनिज आले की कामगार आले आणि कधीतरी संपही आला, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. संप चिघळला की मालकाच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : खंडणी. पेशवाईत ही राजरोस वसुली होती, आज तो गुन्हा आहे. पण संपाला तो शब्द लागू पडतो का?

१८६० च्या दंड संहितेचे ३८३ वे कलम दोन गोष्टी मागते : इजेची भीती आणि अप्रामाणिक हेतू. 'इजा' म्हणजे बेकायदेशीर नुकसान. काम थांबले तर मालकाचे नुकसान होते खरे, पण काम थांबवणे बेकायदेशीर नसेल तर ती इजा नव्हे.

तरीही कामगार सुरक्षित नव्हते. १९२० च्या सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीने बी. पी. वाडियांना कोर्टात खेचले. ते पाहून रायगडातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देण्याचा ठराव आणला. त्यातून १९२६ चा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमाने संपाचा कट हा गुन्हा उरला नाही. मात्र गुन्हा करण्याचाच कट असेल तर संरक्षण नाही. ही अट महत्त्वाची. १९६७ मध्ये बंगालात घेरावांचे पेव फुटले. साहेबाला तासन्‌तास कोंडून सह्या घेणे ही वाटाघाट नव्हे, आणि कलकत्ता हायकोर्टाने जय इंजिनिअरिंगच्या खटल्यात तेच सांगितले : कोंडून ठेवणाऱ्याला १७ वे कलम वाचवत नाही.

अमेरिकेत १९७३ साली एन्मन्स खटल्यात संपकऱ्यांनी वीज कंपनीचे ट्रान्सफॉर्मर गोळ्या घालून फोडल्याचा आरोप होता. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : पगारवाढीसाठी केलेली हिंसा केंद्रीय खंडणी कायद्यात बसत नाही, तिची शिक्षा राज्याच्या कायद्याने द्यावी. मला हे पटते. जाळपोळीला जाळपोळच म्हणावे. खंडणी म्हटले की मागणीच गुन्हा ठरते.

आता ३८३ ची जागा न्याय संहितेच्या ३०८ ने घेतली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत प्रत्येक कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची आहे. पूर्वी ती फक्त सार्वजनिक सेवांना होती. नोटिशीविना संप बेकायदेशीर. म्हणजे त्यातून होणारे नुकसानही 'इजा' ठरवता येईल, आणि मग कामगाराच्या बाजूला उरेल ती फक्त त्याच्या हेतूची प्रामाणिकता, तीही कोर्टात सिद्ध होईपर्यंत.