वेब फ्रेमवर्कमधील मार्ग-व्याख्यांचे सुलभीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वापरकर्त्याने ब्राउझरमध्ये पत्ता दिल्यावर त्या विनंतीस कोणत्या कंट्रोलरमधील कोणत्या कृतीने उत्तर द्यावयाचे, हे ठरविणाऱ्या नियमास 'राउट' अर्थात मार्ग असे म्हणतात. संकेतस्थळाचा व्याप वाढतो तसे हे नियमही वाढत जातात. ते लिहिण्याचे श्रम कमी करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा रूबी ऑन रेल्स व लॅरॅव्हल या फ्रेमवर्कच्या आधारे आढावा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

सर्वव्यापी नियम

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रेल्स प्रसिद्ध केले. त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत 'कंट्रोलर, कृती, क्रमांक' असा एकच साचा बहुतेक पत्त्यांना पुरेसा ठरे. सोय मोठी होती. परंतु त्या साच्यात विनंतीच्या पद्धतीचा विचार नव्हता. वाचण्याची आणि नष्ट करण्याची कृती सारख्याच साध्या दुव्याने घडू शके. हा दोष एकट्या रेल्सचा नव्हता. मे २००५ मध्ये गूगलचे 'वेब ॲक्सिलरेटर' आले. ते पानावरील दुवे आधीच उघडून ठेवीत असे. 'गेट' विनंतीने मजकुरात बदल होत नाही, या एचटीटीपीच्या संकेतावर ते विसंबून होते. परिणामी, जेथे 'नष्ट करा' हा केवळ दुवा होता, अशा काही संकेतस्थळांवरील मजकूर वापरकर्त्याच्या नकळत पुसला गेला.

संसाधनाधिष्ठित मार्ग

रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात 'रेस्ट' ही संकल्पना मांडली होती. तिच्या प्रभावातून जानेवारी २००७ मधील रेल्स १.२ मध्ये संसाधनाची एक ओळ लिहिताच सात ठरावीक कृतींचे मार्ग तयार होऊ लागले. येथे विनंतीची पद्धत नियमाचाच भाग झाली. लेखन कमी झाले, तरी अर्थ अधिक नेमका झाला.

लॅरॅव्हलचा अनुभव

टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅरॅव्हलचा प्रवासही असाच बोधप्रद आहे. कंट्रोलरमधील कृतींच्या नावांवरून मार्ग आपोआप सिद्ध करणारी सोय तेथे होती. ५.२ या आवृत्तीत ती कालबाह्य ठरविण्यात आली आणि २०१६ च्या ५.३ मध्ये काढून टाकण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मधील नवव्या आवृत्तीच्या वैशिष्ट्यांत कंट्रोलरनिहाय मार्गसमूहाचा समावेश झाला. त्यात कंट्रोलरचे नाव एकदाच लिहावे लागते. मात्र प्रत्येक पत्ता, पद्धत व कृती स्पष्टपणे नोंदवावी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून सुलभीकरणाचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक पुनरुक्ती वगळतो, तर दुसरा माहितीच दृष्टिआड करतो. कोणते दार उघडे आहे हे मार्गांची यादी वाचून कळले पाहिजे. ते कळेनासे झाल्यास वाचलेल्या श्रमांची किंमत पुढे सुरक्षिततेच्या रूपाने मोजावी लागते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात कमी ओळींचे कौतुक करताना हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे.