थांबलेली नाडी, न थांबलेले हृदय

चेतासंस्थेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो : ऐच्छिक क्रिया आणि अनैच्छिक क्रिया. हात उचलणे पहिल्यात, हृदयाचे ठोके दुसऱ्यात. मग एखादा विद्यार्थी विचारतोच, "पण सर, योगी तर हृदय थांबवतात ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असे आम्हांला वाटते. मावळातल्या शिक्षकांनी तर नाहीच. तालुक्याच्या पूर्व भागात सुदुंबरे, संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. पश्चिमेला घाटमाथ्यावर लोणावळा. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे) यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया उपकरणांनी मोजायला घेतल्या. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले.

सुरुवातीचा एक प्रयोग नौलीवर होता. बस्ती या क्रियेत साधक नौली करून गुदद्वारावाटे पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतो. आतडे तर आपल्या हुकमाबाहेरचे! मग ते पाणी ओढते कसे? कुवलयानंदांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरला. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे दिसले. म्हणजे पिचकारीचाच न्याय. काम करत होते ते पोटाचे ऐच्छिक स्नायू; आतडे निमूट होते. या अंशतः निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंवरून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले.

सगळेच इतके सावध नव्हते. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस चेता असे प्रतिपादन केले. व्हेगस मेंदूतून निघून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाते व हृदयाची गती मंदावते. कल्पना मोहक होती. पण पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या सर जॉन वुडरॉफ यांनाच ती पटली नव्हती.

हृदयाची परीक्षा १९५७ मध्ये झाली. अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक उपकरणे घेऊन भारतभर फिरले. लोणावळ्यातही त्यांनी नोंदी घेतल्या. दिल्लीच्या डॉ. बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ साली निष्कर्ष छापले. हृदय थांबवल्याचा दावा करणाऱ्यांची मनगटावरची नाडी खरोखरच लागेनाशी होत होती, पण विद्युत्‌हृदयालेख चालूच होता. साधक श्वास कोंडून, कंठ बंद करून छातीचे व पोटाचे स्नायू आवळत. छातीतला दाब वाढला की शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्त घटते. हृदय आकुंचन पावते, पण बाहेर टाकायला रक्तच थोडे, म्हणून नाडी बोटाला लागत नाही. स्टेथोस्कोपमध्ये ठोके स्नायूंच्या आवाजात बुडतात. एका साधकाने हृदयाची गती बरीच मंद केली, तीही मध्ये ऐच्छिक क्रिया घालूनच.

येथेही पुन्हा स्नायूच! मात्र यावरून आपले दोन रकाने अगदी निर्दोष ठरतात असे नाही. श्वास दोन्हींत बसतो. झोपेत तो मस्तिष्कपुच्छाच्या हुकमाने चालतो, जागेपणी आपण तो रोखू शकतो. पण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कपुच्छ आपली इच्छा मोडून श्वास घ्यायला लावते. जमिनीत पुरून घेण्याच्या प्रात्यक्षिकांनाही ही मर्यादा चुकत नाही. हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवर कैवल्यधामच्या संशोधकांनी प्रयोग केले आणि ते १९६८ साली प्रसिद्ध केले. कोंडलेल्या हवेत प्राणवायू पुरता संपण्याच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड माणसाला बेजार करतो.

श्वास कोंडण्याची चढाओढ वर्गात मुळीच लावू नये. त्याऐवजी मुलांना शांत बसवून स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवायला सांगा. सावकाश श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. श्वास घेताना व्हेगसची पकड सैल होते, सोडताना पुन्हा घट्ट होते, म्हणून हे घडते. मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक असतो. तेव्हा शिक्षकांच्या नाडीपेक्षा त्यांच्याच नाडीवर भरवसा ठेवावा.