सात तास आणि दीडशे मणी

'तास' हा शब्द खरं तर आम्हा शिक्षकांचा. पहिला तास गणिताचा, दुसरा मराठीचा, मधल्या सुट्टीनंतर इतिहासाचा. शिपायाने घंटेवर टोल दिला की हातातलं वाक्य अर्धं टाकून वर्गाबाहेर पडायचं. निवृत्त झाल्यावर घंटा थांबली. मग कॅथलिक चर्चची जी रोजची ठरावीक वेळांची प्रार्थना आहे, तिला 'तासांची प्रार्थना' म्हणतात हे नव्याने डोक्यात शिरलं, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, चला, पुन्हा वेळापत्रक हातात आलं!

पुण्याची भाची फोनवर म्हणाली, "आत्या, या वयात सिस्टर व्हायला निघालीस की काय?" तिला फोनवर एवढं सगळं सांगणं शक्य नव्हतं. तेच सावकाश इथे लिहिते आहे. इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे सुरुवात थोडी लांबून होईल, सांभाळून घ्या.

ही प्रार्थना ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढलेली नाही. ती ज्यू लोकांकडून आली. यरुशलेमच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ अर्पण होत असे आणि भाविक घरीही ठरावीक वेळी प्रार्थना करत. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र आणि योहान नवव्या तासाला मंदिरात जाताना दिसतात, आणि दुसऱ्या एका ठिकाणी पेत्र सहाव्या तासाला धाब्यावर प्रार्थना करत असतो. हे तास रोमन पद्धतीचे. सूर्योदय ते सूर्यास्त असा दिवस धरायचा आणि त्याचे बारा भाग करायचे. साहजिकच उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात लहान. आता गंमत पाहा. बाराचे चार भाग केले की तिसरा, सहावा आणि नववा तास म्हणजे बरोबर आपला पहिला, दुसरा आणि तिसरा प्रहर संपण्याची वेळ. आमच्या आजीला रोमन तास सांगितले असते तर तिने लगेच ओळखले असते. तिला घड्याळ कळत नव्हतं, प्रहर कळत होता.

पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या संन्याशाने मठांसाठी नियम लिहिला. स्तोत्रसंहितेतला गायक दिवसातून सात वेळा देवाची स्तुती करतो असं म्हणतो, आणि रात्री उठण्याबद्दलही म्हणतो. बेनेडिक्टने ते शब्दशः घेतलं. दिवसा सात वेळा, शिवाय रात्रीची एक. पहाटेची लॉड्स, मग प्राईम, टर्स, सेक्स्ट, नोन, संध्याकाळची व्हेस्पर्स आणि झोपण्यापूर्वीची कॉम्प्लीन. बायबलमधली सगळी दीडशे स्तोत्रं एका आठवड्यात म्हणून झालीच पाहिजेत, असा दंडक. तो स्वतःच लिहितो की, पूर्वीचे तपस्वी एवढं सगळं एका दिवसात म्हणत, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी करू! आणखी एक गोष्ट मला फार आवडली. कुणाला माझी मांडणी पटली नाही तर त्याने खुशाल दुसरी करावी, फक्त दीडशे पूर्ण व्हावीत, असंही तो सांगतो. असा मुख्याध्यापक मिळायला नशीब लागतं.

यातल्या 'नोन'ची हकीकत सांगण्यासारखी आहे. नोन म्हणजे नववा तास, दुपारी तीनच्या सुमाराचा. उपासाच्या दिवसांत ही प्रार्थना झाल्यावरच जेवायचं. मग काय, ही वेळ हळूहळू मागे सरकत थेट भर दुपारी बारावर येऊन बसली आणि इंग्रजीत मध्यान्हाला 'नून' हा शब्द मिळाला. भूक हेच त्याचं एकमेव कारण होतं की नाही यावर विद्वान वाद घालोत, मला ते पटतं. तसंच 'क्लॉक'चं. तो शब्द घंटेच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आपलं 'घड्याळ' घटिकेवरून आलं. आपण पाण्यात बुडणाऱ्या भांड्यावर वेळ मोजली, त्यांनी प्रार्थनेच्या घंटेवर.

इथवर सगळं छान आहे. पण दीडशे स्तोत्रं म्हणायची तर वाचता यायला हवं, किंवा लॅटिन पाठ तरी हवं. मठात शेती बघणारे, भांडी घासणारे, मेंढ्या राखणारे बंधू असत, त्यांना कुठलं लॅटिन? त्यांना सांगितलं गेलं, तुम्ही स्तोत्रांऐवजी 'आमच्या बापा' म्हणा, इतक्या वेळा. मोजायला दोऱ्यात मणी आले. बाहेरच्या सामान्य लोकांनी पुढे 'नमो मरिया' धरलं. दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे नमो मरिया. आजची रोझरीची माळ ती हीच. पन्नास मणी, तीन फेरे, दीडशे. तिला 'मरियेची स्तोत्रसंहिता' म्हणत, यावरूनच ती कशाची जागा भरायला आली हे कळतं. (2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत आणखी पाच रहस्यं घातली आणि हा दीडशेचा हिशेब मोडला. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण जुन्या आकड्यात जो इतिहास होता तो मात्र पुसट झाला असं मला वाटतं.)

म्हणजे एकाच धर्मात दोन प्रार्थना झाल्या. ज्यांना अक्षर येतं त्यांची स्तोत्रं, ज्यांना येत नाही त्यांचे मणी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण मला आजी आठवली. पण तिच्याकडे नंतर येते.

आपल्या मुलखात ही प्रार्थना पोर्तुगीजांबरोबर आली. 1534 मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे मठ उभे राहिले आणि तिथे लॅटिनमध्ये तास म्हटले जाऊ लागले. बाहेरच्या कोळ्या-कुणब्यांना त्यातली फक्त घंटा ऐकू जायची. जेझुइटांचं थोडं वेगळं होतं. त्यांच्या संस्थापकाने, इग्नेशियस लोयोलाने, एकत्र गायनाची सक्तीच ठेवली नव्हती. ज्याने त्याने आपापलं पुस्तक वाचावं आणि कामाला लागावं. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणांसारखं काहीतरी हवं होतं, त्यांच्यासाठी स्टीफन्सनी दहा हजारांहून जास्त ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं. ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. ते वाचून दाखवलं जाई आणि लोक ऐकत. एका इंग्रजाने ओवी छंद ओळखला, कारण त्याला कळलं होतं की इथला माणूस वाचून नव्हे, ऐकून पाठ करतो. हरिपाठ म्हणणाऱ्या आपल्या वारकऱ्यांपैकी कितींना पूर्वी वाचता येत होतं? पण 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. आलेलं पीक असं कापलं गेलं.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियाही आहे. शाळेच्या सहलीत मुलांना मी ती मुद्दाम दाखवत असे. एकेकाळी प्रार्थनेची वेळ सांगणारी घंटा कृष्णेकाठी शंकरासाठी वाजू लागली. तिला काय फरक पडला असेल?

आमच्या मराठवाड्यात चर्च फार उशिरा आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आनसीच्या संघाचे फादर निजामाच्या राज्यात या भागात आले. वैजापूर तालुक्यात घोगरगावच्या परिसरात त्यांचं काम उभं राहिलं. त्यांच्या संघाला संत फ्रान्सिस द सेल्सचं नाव आहे, आणि आपल्या शहरातलं कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचं. 1977 मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबादचा धर्मप्रांत झाला. या संत फ्रान्सिसने 1609 मध्ये संसारी माणसांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं. भक्ती ही फक्त मठातल्यांची मिरास नाही, सैनिकाने, कारागिराने, गृहिणीने आपापल्या जागी ती करावी, हा त्याचा सांगावा. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमधल्या तासांना जमेल तसं जावं, असंही तो सुचवतो. पण वैजापूरच्या वस्तीतल्या बायकांना लॅटिन कोण शिकवणार होतं?

माझी आजी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. लग्न होऊन आली तेव्हा सासर नुकतंच ख्रिस्ती झालेलं. मिशनच्या मास्तरांनी तिला प्रार्थना तोंडी शिकवली आणि एक काळी माळ दिली. निंदणीला जाताना ती माळ कनवटीला असायची. पहाटे जात्यावर एक फेरा, दुपारी बांधावर एक, रात्री चुलीतले निखारे झाकताना एक. कुणी तिला तासांची प्रार्थना सांगितली नव्हती. तिने ती आपसूक पाळली. आमच्या घरात मी पहिली बीए. आजी मला म्हणायची, "तू वाच, म्या मोजते."

आणि मग गोष्टी बदलल्या. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज काढला. लोकभाषेला दार उघडलं आणि सामान्य जनांनीही ही तासांची प्रार्थना म्हणावी असं स्पष्ट लिहिलं. 1970-71 मध्ये नवा ग्रंथ आला. प्राईम वगळण्यात आली, आणि आठवड्याऐवजी चार आठवड्यांत स्तोत्रांचं चक्र फिरू लागलं. मराठीत स्तोत्रं मात्र त्याच्या कितीतरी आधी आलेली होती, प्रॉटेस्टंट मंडळींच्या कष्टाने. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बाईबापड्यांना कळेल अशा मराठीसाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. 1922 मध्ये त्या गेल्या, त्यांचं बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. अलीकडचं 2010 चं 'सुबोध बायबल' फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. तेच 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मराठवाड्याच्या मांडवात वसईचा फादर अध्यक्ष म्हणून बसला, तेव्हा आजी हवी होती.

माझं शिकणं सुरू झालं ते हे गेल्यानंतरच्या वर्षी. ओळखीच्या एका सिस्टरनी चार बैठकांत मांडणी समजावली. पुस्तकाला रंगीत फिती असतात. एक चालू आठवड्याला, एक सणाला, एक संतांच्या दिवसाला, एक रात्रीच्या प्रार्थनेला. सकाळी स्तोत्रांनंतर जखऱ्याचं गीत, संध्याकाळी मरियेचं, रात्री म्हाताऱ्या शिमोनाचं. ही तिन्ही लूकच्या शुभवर्तमानातली. मी मराठी बायबल शेजारी उघडून ठेवते आणि स्तोत्रं त्यातूनच म्हणते. सातही वेळा जमत नाहीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र एवढ्यावर भागवते.

एका गोष्टीवर मात्र माझं सिस्टरांशी पटलं नाही. नव्या ग्रंथातून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली आहेत, इतर काहींतल्या ओळीही. कारण त्यांत शत्रूला शाप आहेत, आधुनिक माणसाला ते जड जातात. ठीक आहे. पण हे जड कुणाला जातं? ज्याला कधी पाणवठ्यावरून हाकललं नाही त्याला. आजी असती तर तिने 109वं स्तोत्र मोठ्याने म्हणायला सांगितलं असतं, आणि म्हणून झाल्यावर शांतपणे भाकऱ्या थापल्या असत्या. शाप देवापाशी बोलून टाकला की हातातून दगड पडतो, असं मला वाटतं. सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुम्ही म्हणत जा, देव काही म्हणणार नाही." मी म्हणते.

सगळ्यात अवघड दुपार. चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी इजिप्तच्या वाळवंटात राहत होता. त्याने दुपारच्या भुताबद्दल लिहिलंय. हे भूत आलं की सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, संन्यासी सारखा खिडकीतून पाहतो, कुणी येतंय का. निवृत्तांना हे भूत चांगलं माहीत आहे! मुलगा परदेशी, हे फोटोत, बाहेर मे महिन्याचं ऊन, जालना रोडवर सुद्धा सामसूम. त्या वेळी म्हणायची प्रार्थना अगदी छोटी आहे, दहा मिनिटांची. तिने दुपार लहान होत नाही. पण तिचे दोन तुकडे होतात, एक प्रार्थनेआधीचा आणि एक नंतरचा, आणि दोन तुकडे उचलायला सोपे जातात. शाळेत मधली सुट्टी याचसाठी असते.

संध्याकाळी मरियेचं गीत येतं. सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढणारा आणि भुकेल्यांची पोटं भरणारा देव त्यात आहे. जगभरच्या मठांतून शतकानुशतकं रोज संध्याकाळी हे गायलं गेलं, राजांच्या देखतसुद्धा. तेव्हा त्यांनी ते कोणत्या तोंडाने ऐकलं असेल, मला कोडंच आहे. मी ते आजीच्या नावाने म्हणते.

रात्रीची प्रार्थना मला आता पाठ झाली आहे, तिला पुस्तक लागत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे वाचायला बंदी होती. तेव्हा सकाळी आजीची काळी माळ काढली, तिची कडी मी पूर्वीच तारेने बांधून घेतली होती, आणि पन्नासाचे तीन फेरे केले. बंदी उठली त्या दिवशी चालू आठवडा तिसरा होता. फीत पुढे सरकवली आणि तिथून सुरुवात केली.