पाळीने डागलेली तोफ

तोफयुद्धाच्या संगणकी खेळांत एकाने गोळा डागायचा आणि दुसऱ्याने थांबायचे, ही रीत जुन्या यंत्रांच्या दुबळेपणातून आली असे सर्रास मानले जाते. त्यात तथ्य आहेच. १९७६ साली माइक फोरमन यांचा बेसिक भाषेतला 'आर्टिलरी' हा खेळ 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग' मासिकात छापून आला, तेव्हा झटपट हलणारी चित्रे फारच थोड्यांच्या आवाक्यात होती. १९९१च्या 'गोरिलाज'मध्येही कोन आणि वेग आकड्यांतच टाइप करावे लागत. गोळ्याच्या जागी केळे आले होते, एवढेच. पण यंत्राचा नाइलाज हेच कारण असते, तर यंत्रे वेगवान होताच ही रीत मोडली असती. १९९५चा 'वर्म्स' पाळीवरच चालला. कोरियातल्या सॉफ्टनिक्सच्या 'गनबाउंड'ने तर इंटरनेटवर खेळाडू जमवूनही पाळी सोडली नाही, उलट तिलाच डावपेचाचे साधन केले: जड मारा केला की 'डिले' वाढतो आणि पुढची पाळी लांबते, म्हणून ताकद वापरावी की पाळी लवकर मिळवावी, हा हिशेब प्रत्येक वेळी करावा लागतो.

खरे मूळ तोफखान्याच्या कामातच आहे. डागायचे, गोळा कुठे पडला ते पाहायचे, मग दुरुस्ती करायची. या खेळांतला मुरलेला खेळाडूही कोन कायम ठेवून फक्त जोर बदलतो आणि वाऱ्याचा अंदाज घेतो. पाहायला उसंतच नसेल तर दुरुस्ती कशाच्या आधारे करणार? म्हणून पाळी काढून टाकली की उरतो तो नेमबाजीचा निराळाच खेळ.