मलमलीच्या पडद्याआडचं लोखंड

शाळेतल्या त्या तीन परीक्षानळ्या आठवतात? एकीत पाण्यात अर्धवट बुडालेला खिळा, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शियम क्लोराइड. चार दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तेवढा गंजायचा आणि आपण वहीत लिहायचो, गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात. निष्कर्ष बरोबरच आहे. पण तेवढ्या शिदोरीवर तुम्ही उघड्यावरच्या धातूंच्या क्षरणाचा अभ्यास करायला निघालात, तर पहिल्याच महिन्यात अडकाल. हवा आणि पाणी पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. मग किनाऱ्यावरच्या घराची खिडकीची जाळी एवढ्या लवकर का सडते?

अडचण ‘हवा’ या शब्दातच आहे. आपण तो एकच गोष्ट असल्यासारखा वापरतो. तो फोडून पाहण्याचं काम नीट हातात घेतलं गेलं ते १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये. घराघरांत आणि कारखान्यांत दगडी कोळसा जळत होता, शहरांवर धूर असायचा आणि धातूंची नासाडी खर्चात दिसत होती. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या संशोधकानं तेव्हा जे प्रयोग केले, त्यांतला एक मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला उपकरण असं काही लागलंच नाही.

लोखंडाचे सारखेच तुकडे त्यानं खोलीतल्या हवेत टांगले. काही उघडे ठेवले, काहींभोवती मलमलीचा एकपदरी पिंजरा केला. मलमलीतून ऑक्सिजन जातो, बाष्प जातं, सगळे वायू जातात. अडते ती फक्त धूळ. उघडे तुकडे गंजले. पिंजऱ्यातले महिनोन्‌महिने जवळपास स्वच्छ राहिले. शाळेच्या नियमाप्रमाणे दोन्ही सारखे गंजायला हवे होते. म्हणजे हवेतला एक गुन्हेगार घनरूप होता आणि तोवर त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलंच नव्हतं.

पुढे व्हर्नन प्रयोगशाळेतल्या बंदिस्त हवेकडे वळला. शुद्ध हवेत आर्द्रता अगदी ९९ टक्क्यांपर्यंत नेली तरी लोखंड फारच थोडं गंजलं. मग त्यानं हवेत ०.०१ टक्का सल्फर डायऑक्साइड मिसळला. आता सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत काही विशेष घडेना, पण ती रेषा ओलांडली की आलेख एकदम वर. त्यातच कोळशाचे बारीक कण टाकले, तर गंज आणखी झपाट्यानं वाढला. १९३० च्या दशकातल्या या कामातून ‘क्रांतिक आर्द्रता’ ही कल्पना रुजली. संग्रहालयातल्या कपाटात किंवा यंत्रांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकतात, ती हवा या रेषेखाली ठेवायलाच. आणि रत्नागिरीचं उत्तरही याच्याच जवळपास आहे. समुद्रावरून येणारे मिठाचे कण हवेतला ओलावा ओढून घेतात. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळतं, त्याच्यासोबतचं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी जाळीवरचा न दिसणारा पाण्याचा थर वाळलेला नसतो.

जाता जाता तांब्याचं सांगते. जुन्या तांब्याच्या छपरांवर चढणारा हिरवा थर म्हणजे कार्बोनेट, असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत होती. व्हर्नन आणि व्हिटबी यांनी प्रत्यक्ष इमारतींवरचा थर खरवडून तपासला, तर तो मुख्यतः सल्फेट निघाला. पुस्तकातलं वाक्य कुणी शेवटचं कधी तपासलं होतं, हे विचारायला हरकत नसते.

पण सल्फर डायऑक्साइडचं ०.०१ टक्का हे प्रमाण खऱ्या शहरी हवेपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून बाहेर जाणं भागच होतं, आणि ते काम जे. सी. हडसननं केलं. वेगवेगळ्या ठिकाणी धातूचे तुकडे मांडायचे, वर्षानुवर्षं थांबायचं, गंज काढून वजन करायचं. कंटाळवाणं काम, पण रंगाबद्दलचा त्याचा निष्कर्ष आजही झोप उडवतो. तेव्हाची पद्धत अशी की पोलाद उघड्यावर ठेवून लाटतानाची काळी खपली सुटू द्यायची, तारेच्या ब्रशनं घासायचं आणि रंगवायचं. शेफील्डच्या धुरकट हवेत असा रंग दोन-अडीच वर्षं टिकला. तोच रंग वाळूच्या माऱ्यानं स्वच्छ केलेल्या पोलादावर दहा वर्षांच्या आसपास. फरक रंगाचा नव्हताच. गंजाच्या छिद्रांत अडकलेलं लोहाचं सल्फेट ब्रशनं निघत नाही आणि रंगाखाली आपलं काम चालू ठेवतं. तुमच्या प्रबंधात रंगाची किंवा लेपाची तुलना असेल तर पृष्ठभाग कसा तयार केला, हे एका ओळीत उरकू नका.

हाच हडसन दिल्लीच्या लोहस्तंभाच्या वादातही भेटतो. मेहरौलीतला तो सात मीटरचा, सहा टनांहून जड, सुमारे १६०० वर्षांचा स्तंभ का गंजत नाही? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं, धातूच अद्‍भुत. हडसननं साध्या पोलादाचे आणि जस्ताचे तुकडे दिल्लीच्या हवेत ठेवले आणि १९५३ साली ‘नेचर’मध्ये निकाल छापला. तेही तिथे फारसे गंजले नव्हते! म्हणजे श्रेय दिल्लीच्या कोरड्या हवेचं?

१९६१ मध्ये स्तंभ उकरून काढला, तेव्हा जमिनीखालच्या भागावर गंजाचे जाड थर आणि खड्डे दिसले. धातू तोच, फक्त भोवतालचं बदललेलं. ही तुलना कुणी मुद्दाम मांडलेली नव्हती, तरी मला ती या वादातली सर्वांत बोलकी वाटते.

मात्र हवेचा पक्ष इथेच जिंकत नाही. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी गंजाचाच बारकाईनं अभ्यास केला. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस सुमारे पाव टक्का आहे, आजच्या इमारती पोलादापेक्षा कितीतरी जास्त. ओलं होणं आणि वाळणं यांच्या फेऱ्यांत या फॉस्फरसमुळे धातूला चिकटून लोहाच्या फॉस्फेटचा पातळ थर तयार होतो आणि पुढचं क्षरण मंदावतो, असं त्यांनी मांडलं. त्या फेऱ्या पुरवते हवा, फॉस्फरस पुरवतो धातू. मातीत वाळणंच नीट होत नाही, मग तिथे खड्डे दिसले यात नवल ते काय.

स्तंभाला पाठीमागून मिठी मारायची हौस लोकांना फार होती. त्या घासण्यानं ठरावीक उंचीवरचा थर झिजून लोखंड चकचकीत दिसायला लागलं होतं. १९९७ मध्ये भोवती कुंपण घातलं गेलं.