वसीयत : हयातीतच बोलून ठेवू

आपल्या घरांत हा विषय निघाला की "अब्बा, असं नका बोलू" म्हणून आपण तो थांबवतो. मग माणूस गेल्यावर कुणाचं देणं, कुणाची अमानत, काहीच कळत नाही.

शरीयतचा क्रम ठरलेला आहे : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. बायकोला न दिलेली मेहरची रक्कमही कर्जच. उरलेल्यातून जास्तीत जास्त १/३ ची वसीयत, बाकी वारसांचे हिस्से. मुलं असतील तर बायकोला १/८, नसतील तर १/४. हनफी मतानुसार एका वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

तोंडी वसीयतही कायद्याला मान्य आहे. तरी दोन साक्षीदारांसमोर लिहिलेली बरी. या जुम्म्याला जेवण झाल्यावर वही काढू आणि आधी देणी लिहू.