झिया मोहिउद्दीन डागर आणि बदललेली बीन

यवतमाळच्या आमच्या घरात आजोबांचा एक तानपुरा आहे. त्यांनी तो तरुणपणी मिरजेहून आणला होता. आमच्याकडचा उन्हाळा लाकडालाही सोसत नाही, मग भोपळ्याची काय कथा! तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तानपुऱ्याचा भोपळा तडकला. मिरजेच्या कारागिराने तपासून सांगितले, "सांधून देतो, पण आवाज पूर्वीसारखा येणार नाही. नवा भोपळा घालणे बरे." आई एवढेच म्हणाली, "मग तो मामाजींचा तानपुरा कसा राहील?" मला उत्तर देता आले नाही. तानपुरा तसाच गवसणीत घालून परत आणला.

जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. त्याचा माग काढताना मी एका बीनकाराच्या कारकिर्दीपाशी येऊन पोचलो. त्यांचे नाव उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर.

त्यांची बीन मी पहिल्यांदा ऐकली ती लहानपणी, आणि ऐकली असे म्हणणेही धाडसाचेच आहे. शनिवारी रात्री आजोबा आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा लावत. एकदा बराच वेळ रेडिओतून नुसती खरखर आणि मधूनच एखादा टणत्कार येत राहिला. मी विचारले, "आजोबा, रेडिओ बिघडला का?" ते म्हणाले, "नाही रे, बीन आहे. खर्जात चाललंय." आमच्या रेडिओच्या छोट्या कर्ण्याला तो खर्ज पेलवत नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी चांगल्या यंत्रावर त्यांचा यमन ऐकला तेव्हा कळले, की त्या रात्री संगीताचा निम्म्याहून अधिक भाग आमच्या घरापर्यंत पोचलाच नव्हता.

बीन म्हटले की अनेकांना गारुड्याची पुंगी आठवते. इथे अभिप्रेत आहे ती रुद्रवीणा: एक पोकळ दांडी, तिच्याखाली दोन भोपळे, दांडीवर पडदे आणि वाजवायच्या मुख्य तारा चार. मुघल दरबारात या वाद्याचा मोठा मान होता. मुहम्मदशहा रंगीले याच्या दरबारातले नियामत खाँ 'सदारंग', ज्यांच्या नावाच्या ख्यालाच्या बंदिशी आजही गायल्या जातात, ते मुळात बीनकार. महाराष्ट्रालाही बीन अनोळखी नव्हती. किराणा परंपरेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते बंदे अली खाँ पुण्यात वारले. पण विसाव्या शतकात बीनकार उत्तरोत्तर कमी होत गेले. संस्थाने गेली, ध्रुपदाची जागा ख्यालाने आधीच घेतली होती आणि सतार, सरोद ही वाद्ये मोठ्या सभागृहांत अधिक खुलत होती. त्यात बीनकार आपली विद्या घराबाहेर सहसा देत नसत. बाहेरच्या शिष्याला सतार किंवा सुरबहार शिकवायची आणि बीन घरातच ठेवायची, अशी रीत होती.

झिया मोहिउद्दीन यांचा जन्म 1929 साली उदयपूरचा. वडील झियाउद्दीन खाँ तिथल्या महाराण्यांच्या दरबारी कलावंत. घराणे ध्रुपदगायकांचे, जयपूर दरबारात नावाजलेले बहराम खाँ हे त्यांचे पूर्वज. मुलाला गाणे आणि बीन दोन्हींची तालीम मिळाली. या घराण्यात बीन ही प्रामुख्याने गवयाच्या रियाजाची सोबतीण होती. गळ्याने घ्यायची श्रुती तारेवर तपासून पाहायची, हे तिचे काम. तिला मैफलीत स्वतंत्रपणे पुढे आणायचे तर ती गळ्यासारखी बोलायला हवी. डागरांचा आलाप अतिशय सावकाश चालतो. एकेका स्वरावर थांबतो, एका श्रुतीवरून दुसरीवर घसरत जातो. जुन्या बीनेचा नाद मात्र तेवढा वेळ टिकत नसे. मिंड पूर्ण होण्याआधीच स्वर विझून जाई.

झिया मोहिउद्दीन यांनी यावर जो उपाय केला, तो परंपरेच्या माणसाकडून सहसा अपेक्षित नसतो. त्यांनी वाद्यच बदलले. कलकत्त्याच्या 'कनाईलाल अँड ब्रदर' या वाद्यकारांकडून त्यांनी अधिक मोठ्या भोपळ्यांची, अधिक जाड दांडीची बीन घडवून घेतली आणि तिला जाड तारा लावल्या. स्वर खाली उतरला, भारदस्त झाला आणि लांबला. बोटातली नखी, म्हणजे मिजराब, त्यांनी काढून टाकली आणि ते उघड्या बोटांनी छेडू लागले. एक भोपळा डाव्या खांद्यावर घेऊन बीन छातीवर तिरपी धरायची, ही उत्तरेची जुनी बैठक. तीही त्यांनी सोडली आणि दाक्षिणात्य वीणावादकांसारखी बीन आडवी समोर घेतली. त्यांचे समकालीन, जयपूरच्या बीनकार परंपरेतले असद अली खाँ (1937–2011), अखेरपर्यंत खांद्यावरच बीन घेऊन वाजवत राहिले. दोघेही परंपरेचेच. एकाने बैठक राखली, दुसऱ्याने आलापासाठी बैठक मोडली.

याची किंमतही मोजावी लागली. मिजराब गेल्यावर टणत्कार गेला, आवाज लहान झाला. अशी बीन खोलीत, चार माणसांत ऐकावी. सभागृहात ती ध्वनिक्षेपकाच्या आधारानेच पोचते. आमच्या रेडिओची त्या रात्री झालेली फजिती मला आता वेगळी वाटते. जे वाद्य जवळ बसून ऐकायचे, ते आम्ही उदंड अंतरावरून ऐकू पाहत होतो.

त्याच सुमारास युरोपात असाच एक प्रयोग चालू होता. ल्यूट हे अरबी ऊदच्या कुळातले, अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचे वाद्य. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते जवळजवळ लोपले. विसाव्या शतकात इंग्लंडच्या ज्युलियन ब्रीम (1933–2020) यांनी ते पुन्हा हजारो श्रोत्यांपुढे आणले. 1960 साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. ल्यूट, व्हायोलिन, बासरी, जुन्या धाटणीची तंतुवाद्ये असा मेळ जमवून ते सोळाव्या-सतराव्या शतकातले इंग्रजी संगीत वाजवत. ब्रीम यांनीही वाद्य बदलले होते. त्यांचे ल्यूट जुन्यापेक्षा वजनदार, पडदे आतड्याच्या दोरीऐवजी धातूचे, आणि ते गिटारसारखे नखांनी वाजवत. पुढच्या पिढीच्या ल्यूटवादकांनी हे नाकारले. ते संग्रहालयांत गेले, जुनी वाद्ये मोजली, हुबेहूब तशी घडवली आणि जुन्या चित्रांत बोटे कशी ठेवली आहेत ते पाहून हात बसवला.

बदल दोघांनी केला. मग एकाला पुढच्या पिढीने दुरुस्त केले आणि दुसऱ्याचे वाद्य पुढच्या पिढीने जसेच्या तसे उचलले, असे का? मला याचे कारण शिक्षणात दिसते. ल्यूटची गुरुपरंपरा तुटलेली होती. उरली होती ती जुनी वाद्ये आणि स्वरलिपीचे कागद. म्हणून वाद्य हाच गुरू झाला, आणि गुरूत बदल कसा करायचा? डागरांकडे वडिलांनी समोर बसवून दिलेली तालीम होती. आलाप कसा असायला हवा हे कानात पक्के होते, म्हणून दांडीला हात घालता आला.

तालीम हीच खरी ठेव, हे त्यांनी पुढच्या आयुष्यात दाखवून दिले. मुंबईत चेंबूरच्या घरी त्यांनी शिष्य घडवले, अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवले, पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले. घराबाहेर बीन द्यायची नाही, ही रीत त्यांनी मोडली; फ्रान्सचे फिलिप ब्रुगिएर त्यांच्याकडेच बीन शिकले. पुष्पराज कोष्टी यांनी हीच तालीम सुरबहारवर नेली, ऋत्विक सान्याल यांनी गळ्यात. धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन यांच्यासह त्यांनी भोपाळला शिकवले. तिथे तयार झालेले उदय भवाळकर आज पुण्यात ध्रुपद गातात आणि शिकवतात. त्यांचेच शिष्य असलेले दिग्दर्शक मणि कौल यांच्या 'ध्रुपद' (1982) या चित्रपटात दोघे भाऊ दिसतात. सप्टेंबर 1990 मध्ये झिया मोहिउद्दीन गेले. मुलगा बहाउद्दीन तेव्हा अवघ्या विशीतला होता. आज तो वाजवतो ती बीन वडिलांनी बदललेल्या घडणीचीच आहे. बदल आता परंपरा झाला आहे.

एवढे वाचून-ऐकून झाल्यावर मी तानपुरा पुन्हा मिरजेला पाठवला. पंढरपूरकडच्या शेतातला नवा भोपळा लागला. दांडी, खुंट्या जुन्याच. घरी आल्यावर मुलीने तो जुळवायला घेतला. जोडीच्या तारा लवकर जुळल्या, खर्ज काही केल्या बसेना. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ती जागची न उठता म्हणाली, "अजून किंचित उतरव. मामाजी त्याला हलकेच दाबून बघायचे."

मुलीने खुंटी तिळभर ढिली केली. आई परत भाजी निवडू लागली.